जोडलेल्या उपकरणांची यादी

करोल बाग, दिल्ली
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

ती. सुनेत्राआत्यास,
सा. नमस्कार.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, की वायफायचा पासवर्ड बदला असं इंटरनेटवाल्या माणसाने बाबांना बजावलं होतं आणि बाबा विसरले. हे खरं नाही. त्याने मला बजावलं होतं. बाबा तेव्हा आत मखराच्या पट्ट्या सोडवत होते. मी बसून पासवर्ड बदललासुद्धा, पण जो बदलला तो राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. घरातल्या फोनांना लागणारा वेगळा असतो हे मला माहीत नव्हतं. बाबांच्या फोनने नवा पासवर्ड विचारला नाही, तेव्हाच शंका आली होती. तरी बाबांनी विचारल्यावर मी "बदलला" म्हणाले. दम्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत तू मला घरीच शिकवलंस, आणि नवं पान सुरू करताना आधी कालची चूक लिहायची हा तुझाच नियम. म्हणून हे सगळ्यात वर.

मागचं पत्र मी रडत लिहिलं होतं. आता क्रमाने लिहिते.

आमच्या गल्लीत मोबाइलला रेंज नसते. गणपतीत तुम्ही पुण्याची मंडळी व्हिडिओवर आरतीला यायचात, म्हणून आलेल्या पाहुण्यांनाही जोडता यावं असं बाबांना वाटलं. त्यांनी आरतीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मंत्रपुष्पांजलीच्या खाली, वायफायचं नाव आणि पासवर्ड छापून घेतला. चाळीस प्रती. इथल्या मराठी मंडळातल्या चाळीस घरांत त्या गेल्या.

मग दिवाळीत मंडळाच्या संकेतस्थळावर 'एक हितचिंतक' या नावाने अरुणाताईंविषयी घाण मजकूर येऊ लागला. त्या रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग घेतात ना, त्या. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईच्या हाती मुलं कशी देता, इथपासून सुरुवात. तीन वेळा आला. मंडळाने तपास केला तर तो आमच्या घरच्या इंटरनेटवरून आलेला. बाबा एकोणीस वर्षं चिटणीस होते. २ नोव्हेंबरला त्यांना बोलावलं, चहा दिला, आणि चहा संपल्यावर कपाटाच्या किल्ल्या मागितल्या. अरुणाताईंनी वर्ग बंद केला. बाबा तेव्हापासून जिना उतरलेले नाहीत. दूध मी आणते.

हे टपालाने लिहिते, कारण आमच्या इंटरनेटवर मला भरवसा उरलेला नाही, आणि फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलीस. हे दार कसं लावायचं ते सांग. आत कोण आलं होतं ते कसं शोधायचं तेही सांग. मला त्याची माफी नको. बाबांना जसं सगळ्यांसमोर खुर्चीवरून उठवलं, तसं त्याला उठवायचं आहे.

तुझी,
तनया

~

पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

चि. तनयास,
अनेक आशीर्वाद.

चूक तू स्वतः लिहिलीस, म्हणून तिच्याबद्दल मी बोलत नाही.

राउटरच्या मागे एक बारीक भोक असेल. त्यात टाचणी घालून पंधरा सेकंद दाबून धर. दिवे विझून पुन्हा लागतील आणि डबा दुकानातून आला तसा कोरा होईल. मग नव्याने सगळं भर. आत शिरायचा पासवर्ड एक, फोनांचा दुसरा, दोन्ही वेगळे. फोनांचा लांब ठेव. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घे, देवाचं नाव आणि जन्मसाल नको. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए-थ्री दिसलं तर ते, नाही तर डब्ल्यूपीए-टू. बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची एक सोय असते, डब्ल्यूपीएस म्हणतात, ती बंद कर. कंपनीने नवं सॉफ्टवेअर दिलं असेल तर ते चढव. आणि तुझ्या बाबांना, उल्हासला, सांग, पाहुणचार चहाने करावा.

कोणी केलं ते शोधत बसू नकोस. दार लावणं एवढं आपलं काम. शोधून हाती काय लागतं ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे.

हे पत्र वाचून खाली ठेवायच्या आधी टाचणी घे.

तुझी,
आत्या

~

करोल बाग
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

टाचणी घेतली होती. पण करण्याआधी वाचायचं ही सवयही तुझीच, म्हणून राउटरसोबत आलेली पुस्तिका काढली. त्यात लिहिलं आहे, की असं केल्यावर आतल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. तुझ्या लक्षात राहिलं नसेल. मी टाचणी डबीत परत ठेवली.

राउटरच्या आत एक पान असतं, जोडलेल्या उपकरणांची यादी. कोणतं उपकरण किती वाजता जोडलं गेलं आणि किती वाजता सुटलं ते तिथे दिसतं. आमचा राउटर इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे वीज गेली तरी महिनाभराच्या नोंदी शिल्लक होत्या. बाबांचा फोन, माझा फोन, माझा ऑफिसचा लॅपटॉप, टीव्ही. आणि पाचवं, 'श्रीरंगचा आयपॅड'.

श्रीरंगकाका. दुसऱ्या मजल्यावरचे, बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. बाबांना काढल्यावर हंगामी चिटणीस कोण झालं माहीत आहे? तेच.

पण जोडलेलं असणं म्हणजे लिहिणं नव्हे, म्हणून मला त्या मजकुरांच्या वेळा हव्या होत्या. मंडळाने मला दाखवल्या नाहीत. मी अरुणाताईंकडे पटेल नगरला गेले. त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही.

"अच्छा, आता मुलीला पाठवलं?"

"बाबांना माहीत नाही मी आले ते."

"एकोणीस वर्षं दादा म्हटलं मी त्यांना. राखी बांधली. मला वाटायचं, दिल्लीत आपलं कोणीतरी आहे. और देखो!"

"ताई, मला मजकूर नको. फक्त त्यावरच्या वेळा हव्यात. मजकूर झाकून दाखवा."

 त्या आत गेल्या आणि तीन छापील कागद घेऊन आल्या. जाळीला एकेक कागद लावत होत्या आणि मजकुरावर तळहात ठेवत होत्या. मी वर छापलेली तारीख आणि वेळ तेवढी उतरवून घेतली. 

१९ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा वीस. २३ ऑक्टोबर, भाऊबीज, सकाळी अकरा पाच. ३० ऑक्टोबर, दुपारी बारा चाळीस. तिन्ही वेळी आयपॅड जोडलेला होता. आणि ३० तारखेला आम्ही दोघं सकाळी सातपासून हिंदूराव इस्पितळात होतो, बाबांच्या मोतीबिंदूसाठी. घराला कुलूप होतं. त्या दुपारी आमच्या वायफायवर दुसरं काहीही नव्हतं.

मला झोप लागते आहे, आत्या. महिन्यात पहिल्यांदा. आता कोणावर रागवायचं ते कळलं.

तनया

~

पुणे
२७ नोव्हेंबर २०२५

चि. तनया,
आशीर्वाद.

टाचणीचं माझ्या लक्षात राहिलं नाही. वय झालं.

आता माझं ऐक. एक, राउटरचं घड्याळ बरोबर आहे का ते पाहिलंस? कित्येक डब्यांत ते चुकीचं असतं. दोन, आयपॅड घरात असतो, तो कोणीही हातात घेतो. तीन, वायफाय जोडलेलं असताना माणूस भजन ऐकत असू शकतो. या तीन गोष्टी सभेत कोणी विचारल्या तर तू काय सांगणार? श्रीरंगला मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते. तो चिडका आहे, त्याला दुसऱ्याचं बरं बघवत नाही. पण एवढ्यावरून माणसाला चव्हाट्यावर उभं करता येत नाही. चुकलीस तर उल्हासचं जे झालं तेच तू आणखी एकाचं केलंस असं होईल.

आणि तीन आठवडे झाले, दार अजून उघडंच आहे! नोंदींचे फोटो काढले असशील. मग आता लाव आणि विषय संपव.

आत्या

~

करोल बाग
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

राउटरचं घड्याळ तपासलं. माझ्या फोनशी मिनिटाचाही फरक नाही. आयपॅड आणखी कोणी हातात घेत असेल का? काकू मार्चपासून मुलाकडे बेंगळुरूला आहेत. काका एकटे असतात. राहिलं भजन.

त्यासाठी मी जे केलं ते लिहिते. वाचून तू गप्प राहू नकोस.

घराच्या वायफायचं दार लावलं. तू सांगितलंस तसं, टाचणीशिवाय. नवं नाव, चार शब्दांचा पासवर्ड, ते बटणाचं बंद, सॉफ्टवेअर नवं. आमचे फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळे तिकडे नेले. मग सेटिंगमध्ये दिसलं, की पाहुण्यांसाठी एक वेगळं वायफाय सुरू करता येतं. त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळतं, पण घरातल्या उपकरणांपर्यंत पोचता येत नाही. मी ते सुरू केलं आणि त्याला जुनं नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, पुस्तिकेत छापलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काकांचा आयपॅड आपणहून येऊन जोडला गेला. त्यांना काही कळलंही नसेल.

मग मी वाट पाहिली. ऑफिसमधून आले की आधी ते पान उघडायचे. पाच दिवस.

परवा, रविवारी ७ तारखेला, संध्याकाळी पाच अठ्ठेचाळीसला चौथा मजकूर आला, पुन्हा आमच्याच इंटरनेटवरून. वर्ग बंद झाल्यापासून आमची मुलं सुरक्षित आहेत, हितचिंतक आभारी आहे, असं काहीसं. त्या वेळी पाहुण्यांच्या वायफायवर एकच उपकरण होतं. आमच्या घरात बाबा खिडकीशी बसून मटार सोलत होते आणि मी समोर होते.

माझी चूक अशी. पाहुण्यांचं वायफाय मला कधीही बंद करता आलं असतं. ते चालू ठेवलं तर अरुणाताईंवर आणखी एकदा चिखल उडेल हे मला माहीत होतं. तरी ठेवलं. आणि मजकूर आला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आनंद झाला. मी उठून स्वयंपाकघरात गेले, बाबांना माझा चेहरा दिसू नये म्हणून.

सांग, आता तरी पुरे का?

तनया

~

पुणे
१५ डिसेंबर २०२५

चि. तनया,

पत्र मिळालं. पुरे आहे.

माझं पुढचं पत्र येईपर्यंत कोणाशी काही बोलू नकोस. बाबांशीही नाही. एवढं माझ्यासाठी कर.

आत्या

~

करोल बाग
रविवार, २१ डिसेंबर २०२५

आत्या,

मी कोणाशी बोलले नव्हते. काल संध्याकाळी श्रीरंगकाका घरी आले.

दीड महिन्यात आमच्याकडे आलेला पहिला माणूस. बाबांनी धावत जाऊन चांगला स्वेटर घातला, चहा स्वतः केला, आलं किसून. काकांच्या हातात एक खोकं होतं.

"उल्हास, अरे झालं ते झालं. मंडळ म्हणजे काय, सगळ्यांचीच डोकी फिरलेली असतात. मी आहे ना! नेट कसं चालतंय?"

"मला काय कळतंय त्यातलं. तनू बघते."

"तोच जुना डबा का? चलो, हा नवा लाव. माझ्याकडे जास्तीचा पडला होता. जुना दे मला, खाली भंगारवाला येतो सोमवारी."

"बघ तनू, याला म्हणतात मित्र," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "काका, जुनाच राहू दे. मला त्याची सवय झालीय."

"डब्याची कसली सवय, बेटा? बरं, नको तर नको. एकदा बंद करून चालू तरी कर. सगळा कचरा निघून जातो." आणि उठून त्यांनी प्लगकडे हात नेला.

मी त्यांचं मनगट धरलं. घट्ट. बाबा ओरडले, "तनू! अगं काय हे!" काका हसले, पण हात सोडवून घ्यायला त्यांनी जोर लावला, आणि मीही लावला. मग ते म्हणाले, "दिल्लीची मुलगी आहे यार तुझी, बिल्कुल," आणि चहा अर्धा टाकून गेले. नवा राउटर इथेच राहिला.

बाबा रात्री जेवले नाहीत. म्हणाले, एक माणूस राहिला होता, तोही तू घालवलास.

या डब्यात नोंदी आहेत हे दोनच माणसांना माहीत होतं. एक मी. आत्या, तू त्यांना का सांगितलंस?

तनया

~

पुणे
२८ डिसेंबर २०२५

चि. तनया,

मी त्याला फोन केला होता. म्हटलं, मुलीकडे सगळं आहे, आता थांब. तो रडला. त्याची आई गेली तेव्हा रडला होता, त्यानंतर पहिल्यांदाच. मला वाटलं, उरलेली वर्षं तरी गप्प बसेल. तो डबा न्यायला येईल असं मनातही आलं नाही.

आता सगळंच सांगते. टाचणीचं मी विसरले नव्हते. नोंदी जातात हे मला ठाऊक होतं, म्हणूनच लिहिलं. तुझं रडत लिहिलेलं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, की हे कोणाचं काम आहे.

१९८६ साली माझं आणि श्रीरंगचं लग्न ठरलं होतं. आम्ही दिल्लीच्या एकाच एक्स्चेंजमध्ये होतो. आमच्या विभागातल्या वृंदाला बढती मिळाली, त्याला मिळाली नाही. थोड्याच दिवसांत तिच्या नवऱ्याला निनावी पोस्टकार्डं जायला लागली. पोस्टकार्ड म्हणजे पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे वाचतात. वृंदा पानिपतला माहेरी गेली ती परत आली नाही. नोकरीही सोडली. एका दुपारी कँटीनमध्ये श्रीरंगने मला हसत हसत सांगितलं, की ती कार्डं त्याने टाकली. मलाही हसू येईल असं त्याला वाटलं होतं.

मी लग्न मोडलं. कारण सांगितलं, कुंडली जुळत नाही. खरं कारण आईला, उल्हासला, साहेबांना, कोणालाच सांगितलं नाही. वृंदालाही नाही. लोक म्हणतील, ही मूर्ख अशा माणसाशी लग्न करायला निघाली होती, एवढीच भीती होती. त्यामुळे उल्हासला आजही वाटतं, की त्याच्या बहिणीने श्रीरंगला विनाकारण दुखावलं. म्हणून तो आयुष्यभर त्याला सांभाळत आला.

हे वाच आणि फाडून टाक. मी एकाहत्तर वर्षांची आहे. जिन्यात चार बायका ज्यांच्याशी बोलतात, त्यांच्यात मला राहायचं आहे.

आत्या

~

करोल बाग
रविवार, ४ जानेवारी २०२६

आत्या,

तुझं पत्र फाडलेलं नाही.

आधी अरुणाताईंकडे गेले आणि चौथ्या मजकुराचं सांगितलं. मला थांबवता आला असता आणि मी थांबवला नाही, हेही. त्यांनी या वेळी जाळीचं दार उघडलं होतं. ऐकून झाल्यावर त्यांनी ते लावलं. आतून म्हणाल्या, "त्यांच्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला, बेटा?"  फरक आहे असं मला वाटतं, पण तो त्यांना पटवायचा अधिकार मी गमावला आहे. जिना उतरले तेव्हा वरून त्यांचा आवाज आला, "सभेला येईन मी. तुझ्यासाठी नाही."

मग बाबांना तुझं पत्र वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.  मग विचारलं, "कुंडली जुळत होती म्हणजे?" मी म्हटलं, मला माहीत नाही. म्हणाले, "चाळीस वर्षं मी दर दिवाळीला त्याच्याकडे पहिलं ताट नेऊन दिलं. सुनेत्राच्या वतीने." नंतर उठून त्यांनी काकांनी आणलेला नवा राउटर खोक्यासकट दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दाराशी ठेवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते जिना उतरले, एकच मजला, आणि वर आले.

त्यांनी मला काही करू नकोस असं म्हटलं नाही. कर असंही म्हटलं नाही.

आता माझं ऐक. संक्रांतीनंतर मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम आहे आणि लगेच वार्षिक सभा. मी अध्यक्षांना पत्र देऊन सदस्यांसाठी वीस मिनिटं मागितली. विषय दिला, 'घरचं वायफाय सुरक्षित कसं ठेवावं: नवशिक्यांसाठी'. त्यांना आवडला, हल्ली फार गरज आहे म्हणाले. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव छापलं आहे. ती सगळ्या घरांना पाठवणं चिटणिसाचं काम, त्यामुळे श्रीरंगकाकांनी स्वतःच ती पाठवली. आमच्याकडेही आली. मी यादीचे फोटो, अरुणाताईंच्या कागदांवरून उतरवलेल्या वेळा आणि हिंदूरावचा कागद तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले आहेत.

मी आधी माझं सांगणार आहे. चुकीचा पासवर्ड बदलला आणि बाबांशी खोटं बोलले ते. पाहुण्यांचं वायफाय का चालू ठेवलं ते. कोणी मला नावं ठेवली तर ठेवू देत. मग यादी दाखवणार, चारही तारखा, चारही वेळा. काका पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसतात, तिथेच असतील. बाबा माझ्या शेजारी बसतील की घरी राहतील ते अजून ठरलेलं नाही.

शेवटी तुझं पत्र वाचणार. सगळं. पोस्टकार्डं, वृंदाबाई, कँटीन, आणि टाचणीही. एकही ओळ गाळणार नाही, कारण गाळलेल्या ओळींमुळेच हा माणूस चाळीस वर्षं आमच्याकडे चहा पीत आला. तुझ्यावर माझा राग आहे, आत्या. काकांवर आहे त्याहून कमी की जास्त, ते मी मोजलेलं नाही. तू माझ्याकडून लपवलंस ते मी सोडून देईन. तू मला पुसायला लावत होतीस ते सोडता येत नाही.

तुला स्वतः येऊन ते वाचायचं असेल तर ये. तुझ्या तोंडून ऐकलेलं मला चालेल. तू आली नाहीस तर मी वाचेन, आणि खाली तुझं पूर्ण नाव सांगेन.

रविवार, १८ जानेवारी २०२६, सकाळी अकरा वाजता.

तनया